आधी लेकराला सांगा, ते कोणाचं आहे

केज तालुक्यात आपली ख्रिस्ती घरं मोजकीच. कुठे गावात दोन, कुठे वस्तीवर एक. आपली लेकरं शाळेत सगळ्यांच्या लेकरांबरोबर बसतात, खेळतात आणि सगळ्यांची भीतीही घरी घेऊन येतात. तिकटीवर लिंबू पडलंय, ओलांडू नको. अमावस्येला चिंचेखाली जाऊ नको. अमक्या घरची म्हातारी करणी करते. लेकरू हे ऐकतं, गप्प बसतं आणि रात्री लघवीला एकटं बाहेर जात नाही.

मग एक दिवस ते तुम्हाला विचारतं, 'आपण येशूचे आहोत ना? मग मला भूत धरेल का?'

या प्रश्नाला हसू नका. 'गप झोप' म्हणून पाठ फिरवू नका. लेकराने फार विश्वासाने तुम्हाला विचारलेलं असतं. आज हसलात तर पुढच्या वेळी ते विचारणार नाही.

आणि उलट टोकालाही जाऊ नका. काही घरांत, काही सभांतही, लेकरांना देवाबद्दल चार वाक्यं सांगतात आणि सैतानाबद्दल चाळीस. तीही आवाज चढवून. त्या रात्री लेकरू प्रार्थना करतं खरं, पण थरथरत करतं. अशी प्रार्थना त्याला पुढे आयुष्यभर भीतीचीच आठवण देत राहते.

शास्त्रातला क्रम बघा. मर्कुसाच्या पहिल्याच अध्यायात येशूचा बाप्तिस्मा होतो. तू माझा लाडका लेक आहेस, असं पिता तिथे त्याला सांगतो. रानातली परीक्षा, सैतान, हे सगळं त्यानंतर येतं. इफिसकरांस पत्रातही तसंच आहे. सैतानाशी लढायची शस्त्रसामग्री पौल शेवटच्या, सहाव्या अध्यायात सांगतो. पहिले तीन अध्याय तो एकच गोष्ट घोकून घेतो, की तुम्ही कोणाचे आहात. आपण मात्र पुष्कळदा लेकरांना थेट सहाव्या अध्यायावर नेतो.

विहिरीत पोहायला शिकवताना बाप लेकराच्या कमरेला दोर बांधतो आणि दुसरं टोक स्वतःच्या हातात धरून काठावर उभा राहतो. पाणी किती खोल आहे हे तो सांगत बसत नाही. दोर कोणाच्या हातात आहे, हे लेकराला दिसलं की ते हातपाय मारायला लागतं.

म्हणून आज रात्रीपासून एवढंच करा. झोपताना लेकराच्या डोक्यावर हात ठेवा. त्याचं नाव घ्या. सांगा, 'तू देवबापाचं लेकरू आहेस. प्रभू येशूने तुझ्यासाठी जीव दिला. त्याच्या हातातून तुला कोणी हिसकावून नेऊ शकत नाही.' योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने मेंढरांविषयी हेच सांगितलं आहे. मग प्रभूची प्रार्थना दोघांनी मिळून म्हणा. वाइटापासून सोडवण्याची विनंती तिच्यात आहेच, वेगळी लांब प्रार्थना लागत नाही. रोज म्हणा. लेकरू आजारी असेल त्या दिवशीही आणि तुम्ही त्याच्यावर रागावलेला असाल त्या दिवशी तर नक्कीच.

लेकराला एखादं भजन तोंडपाठ करून द्या. उपासना संगीतात नारायण वामन टिळकांची गीतं आहेत. टिळक १९१९ साली गेले, पण त्यांच्या भजनांच्या चाली आपल्या आज्यांच्या तोंडी अजून आहेत. त्या आज्यांकडूनच शिकवा. वीज गेली, घरात अंधार झाला, की लेकराला पुस्तक वाचता येत नाही. पाठ असलेलं मात्र म्हणता येतं.

आता शस्त्रसामग्रीकडे येऊ. संडेस्कूलमध्ये पुठ्ठ्याची ढाल आणि तलवार करतात. करू द्या, लेकरांना मजा येते. पण पौलाने हे लिहिलं तेव्हा तो साखळदंडात होता, हे त्यांना सांगा. आजूबाजूला रोमी शिपाई. त्यांच्याच अंगावरच्या एकेका वस्तूवरून तो विश्वासाचा अर्थ सांगतो आहे. सुरक्षित माणसाने घरात बसून लिहिलेलं ते पत्र नाही.

मला विचाराल तर तलवारीपेक्षा कंबरपट्ट्यावर जास्त वेळ द्या. पौल सुरुवात त्यानेच करतो, सत्याने कंबर कसण्याने. ज्या घरात लेकराला खरं बोलल्यावर मार बसतो, त्या घरातलं लेकरू खोटं बोलायला शिकतं. मग लपवायला शिकतं. आणि वाईट माणसाला लपवणारं लेकरूच हवं असतं. 'घरी सांगशील तर आई मारेल,' एवढं म्हटलं की त्याचं काम झालं.

म्हणून घरात एक नियम करा. लेकराने स्वतःहून येऊन चूक सांगितली तर त्या दिवशी मार नाही, शिवी नाही. फुटलेली बरणी, हरवलेले पैसे, शाळेतली मारामारी, काहीही असो. आधी ऐकून घ्या. चूक दुरुस्त करायला लावा, पण सांगितल्याची शिक्षा देऊ नका. लेकराच्या कमरेचा पट्टा असा घट्ट होतो.

ढालीचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पौल ज्या ढालीचं नाव घेतो ती रोमी ढाल दाराएवढी मोठी असे. शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहिले की ढालींची भिंत होई. एकट्या शिपायाची ढाल त्याला समोरून झाकते, बाजू उघड्याच राहतात. पौल ते पत्रही एकट्यादुकट्याला लिहीत नाही, सगळ्या मंडळीला लिहितो. वस्तीवर एकच ख्रिस्ती घर असेल तर लेकराला महिन्यातून दोनदा तरी उपासनेला न्या. एसटीचं भाडं जातं, दिवस जातो, हे खरं. पण आपल्यासारखी आणखी माणसं आहेत, हे लेकराने डोळ्यांनी बघितलं पाहिजे.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. आपल्यातले पुष्कळ जण गळ्यातला काळा दोरा काढतात आणि तिथे क्रूस बांधतात. मनातली भीती तीच राहते, फक्त वस्तू बदलते. लेकराच्या उशाखाली पवित्र शास्त्र ठेवतात, पण उघडून वाचून दाखवत नाहीत. प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली देव्हाऱ्यासारखी जपतात. क्रूस हरवला तर लेकरू रडून गोंधळ घालतं, 'आता मला कोण वाचवणार?'

लेकराला सांगा, क्रूस घालायचा तर खुशाल घाल. तो आपल्याला प्रभूची आठवण करून देतो. वाचवणारा प्रभू आहे, क्रूस हरवला तरी तो जवळच आहे.

प्रेषितांच्या कृत्यांतला एकोणिसावा अध्याय घरात मोठ्याने वाचा. त्यातलं इफिस म्हणजे मंत्रतंत्राचं मोठं गाव. तिथे स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरायला गेले. येशूला ते ओळखत नव्हते, फक्त नाव उचललं होतं. शेवटी मार खाऊन, उघडेनागडे पळाले. लेकरांना ही गोष्ट फार आवडते, हसतात. हसू द्या. मग विचारा, 'ते का पळाले असतील?' उत्तर त्यांनाच शोधू द्या.

त्याच अध्यायात पुढे जादूटोणा करणारे लोक आपापली पुस्तकं आणून जाळतात. पन्नास हजार रुप्याच्या नाण्यांची ती पुस्तकं होती. त्या काळी असं एक नाणं म्हणजे मजुराची साधारण एक दिवसाची मजुरी. पण एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. त्यांनी स्वतःची पुस्तकं जाळली. शेजाऱ्याच्या घरात शिरून त्याची जाळली नाहीत. तुमच्या लेकराने मित्राच्या मनगटातला दोरा तोडला, त्याच्या घरच्या देवाला नावं ठेवली, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. मित्राच्या आईने त्याला कितीतरी वेळा भाकरी दिलेली असते. तिच्या घरात सैतान राहतो, असं लेकराच्या मनात भरवलं तर शेजार तुटतो, आणि लेकरू शेजाऱ्यावर प्रीती करण्याची प्रभूची आज्ञाच विसरतं. मित्राकडे जे करायचं नाही ते नम्रपणे 'नको काकू' म्हणून सांगायला शिकवा. तेवढं पुरतं.

देव राखणार आहे म्हणून वाटेल ते करायचं, असंही लेकराला वाटू देऊ नका. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, उडी मार, देवदूत झेलतील. त्यासाठी तो शास्त्रातलंच वचन काढतो, एक्याण्णवाव्या स्तोत्रातलं. तेच स्तोत्र आपण संकटात म्हणतो. येशू उडी मारत नाही. देवाची परीक्षा बघायची नाही, असं सांगून तो सैतानाला गप्प करतो. हे वाचून दाखवल्यावर लेकराशी रोजच्या गोष्टी बोला. प्रार्थना करून मांजराच्या धरणात उतरायचं नाही. प्रार्थना करून चालत्या उसाच्या ट्रॅक्टरला लोंबकळायचं नाही.

हाच धडा मोठ्यांनीही गिरवायचा आहे. तो आजारपणात लागतो.

आपल्याकडे लेकरं जमिनीवर झोपतात. ऊसतोडीच्या फडावरच्या कोपीत तर दुसरी सोयच नसते. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि झोपलेल्या माणसाला चावतो. चावा इतका बारीक असतो की पुष्कळदा खूण दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे लेकरू पोट दुखतंय म्हणून उठतं. गिळता येत नाही. पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, बोलणं अडखळतं. बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी बाहेरचं लागलं. कोणी देवऋषाकडे धावतो. आपल्यातला कोणी सगळ्यांना गोळा करून प्रार्थनेला बसतो. दोन्हींत वेळ जातो, आणि मण्यारीच्या विषावर वेळ हेच सगळं काही आहे. नंतर श्वास बंद पडतो.

असं दिसलं की १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. पुढची सोय लागली तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. लेकराला चालवू नका. प्रार्थना जरूर करा, गाडीत बसून करा. सर्पविषावरचं औषध सरकारी दवाखान्यात मिळतं. ते देणारा डॉक्टरही देवाच्याच कामाला लागलेला आहे. लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो.

फिट येणाऱ्या लेकराचंही तसंच आहे. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका. मग डॉक्टरला दाखवा. मिरगीवर गोळ्या आहेत आणि त्या रोज घ्याव्या लागतात. कोणी 'विश्वास असेल तर गोळ्या बंद करा' म्हणालं, तर तो माणूस कितीही मोठा असो, त्याचं ऐकू नका.

२०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, डांबणं, चटके देणं हाही गुन्हा आहे. शांतपणे प्रार्थना करायला हा कायदा अडवत नाही. लेकराला इजा करायला अडवतो, आणि ते बरंच आहे.

म्हणून कोणी तुमच्या लेकरासाठी खास प्रार्थना करतो म्हणाला तर पाच गोष्टी पक्क्या धरा. लेकराला त्याच्याजवळ एकटं सोडायचं नाही. हात उगारू द्यायचा नाही. लेकराला उपाशी ठेवायचं नाही. त्याला सभेपुढे उभं करून मोबाइलवर चित्रण करू द्यायचं नाही. आणि पैसे मागितले तर उठून यायचं. खरा पाळक या अटींना कधी रागावणार नाही. येशूने लेकरांना जवळ घेतलं, त्यांच्यावर हात ठेवले, आशीर्वाद दिला. त्यांना अडवणाऱ्या शिष्यांवर मात्र तो रागावला.

लेकराला हेही सांगा, की कोणी देवाचं नाव घेऊन अंगाला नको तिथे हात लावला, तर ओरडायचं, पळायचं आणि घरी सांगायचं. मग तो पाळक असो, मामा असो, मुकादम असो. तसं करणं म्हणजे देवाचा अपमान नव्हे. लेकरांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे, तो पाठ करून घ्या. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांत कळवणं सगळ्यांवर बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू जाईल म्हणून झाकून ठेवाल, तर लेकराला कळेल की तुमचा देव लेकरांपेक्षा मोठ्यांच्या बाजूचा आहे.

पंडिता रमाबाईंनी हे पुरतं ओळखलं होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून त्यांनी पोरक्या मुली आणि बायका केडगावला आणल्या. भुकेने कोलमडलेल्या मुलींवर टपून बसलेली माणसं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मुलींना प्रार्थना शिकवली, आणि लिहावाचायला, विणायला, छापखान्यात काम करायलाही शिकवलं. रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेलं मराठी बायबल त्याच छापखान्यात तयार झालं. ते पूर्ण प्रसिद्ध झालं १९२४ साली, त्यांच्या मागे दोन वर्षांनी. खिळे जुळवणाऱ्या हातांत त्या वाचवलेल्या मुलींचे हात होते. प्रार्थना एका खोलीत आणि भाकरी-शाळा दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी रमाबाईंनी कधी केली नाही.

कधीकधी लेकरू मनापासून प्रार्थना करतं आणि तरी आजोबा जातात. बैल मरतो. बाप दारू सोडत नाही. तेव्हा 'तुझा विश्वास कमी पडला' हे वाक्य तोंडातून काढू नका. हे ऐकलेली लेकरं मोठी झाल्यावर चर्चची पायरी चढत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. दानिएलाच्या तिसऱ्या अध्यायातल्या तिघा तरुणांची गोष्ट सांगा. आगीच्या भट्टीपुढे उभं राहून ते राजाला म्हणाले, देव सोडवील, आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ते 'नाही सोडवलं तरी' लेकराला नीट ऐकू द्या. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा प्रार्थना केली, काटा गेला नाही. खुद्द प्रभूने गेथशेमाने बागेत प्याला टळावा म्हणून विनवलं, आणि प्याला टळला नाही. देव राखतो म्हणजे दुःख येत नाही, असं शास्त्र कुठेच म्हणत नाही. दुःखात तो सोडून जात नाही, एवढं वचन आहे. लेकरू देवावर रागावलं तर रागावू द्या. स्तोत्रांत अशा रागाच्या प्रार्थना आहेत, त्याला वाचून दाखवा.

आता दसरा जवळ आला की ऊसतोडीसाठी तालुक्यातली घरं कुलूपबंद व्हायला लागतील. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता बांधलेला असतो. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, त्या थेट उन्हाळ्यात परततात. नाताळ मधेच येतो. आई-बाप फडात मोळ्या बांधत असतात आणि लेकरू आजीजवळ किंवा वसतिगृहात असतं. लेकराची भीती सगळ्यात जास्त वाढते ती याच महिन्यांत.

तेव्हा निघण्याआधी काही कामं उरकून घ्या. लेकराला फडावर नेऊ नका. नेलं की शाळा सुटते आणि कोपीतली रात्र वाट्याला येते. शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहंही आहेत. फॉर्म भरायला मंडळीतल्या शिकलेल्या पोराला बरोबर न्या. लहान असल्यामुळे न्यावंच लागलं, तर खाट आणि मच्छरदाणी गाडीत आधी टाका, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा.

रोज किती वाजता फोन करणार ते लेकराशी ठरवा आणि पाळा. दोन मिनिटं पुरतात. दिवस कसा गेला ते विचारा, मग फोनवरच प्रभूची प्रार्थना दोघांनी म्हणा. आजीच्या वहीत १०८, १०९८, पाळकांचा आणि तुमच्या टोळीतल्या एकाचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. गावात मागे राहणाऱ्या लेकरांची नावं पाळकांना सांगा. आणि नाताळाच्या दिवशी त्यांतलं कोणतं लेकरू कोणाच्या घरी जेवणार, नवे कपडे कोण आणणार, उपासनेला कोण नेणार, हे टोळी निघायच्या आधीच्या रविवारी मंडळीत बसून ठरवून टाका.